दुखत नाई ना? मंग खेय!

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या जुन्या शहराला झोप नसते. आदल्या दिवशी कावडीची मंडळे गांधीग्रामला गेलेली असतात. रात्री पूर्णेचे पाणी भरून ती अकोल्याकडे निघतात आणि सतरा-अठरा किलोमीटर अनवाणी चालत राजराजेश्वराच्या देवळापाशी पोचतात. मोठ्या मंडळाची भरण्यांची, म्हणजे पाण्याच्या भांड्यांची, कावड काही पोरखेळ नव्हे. ती लांबच लांब कावड खांद्यावर घेऊन पोरे चालतात, मध्येच ताशाच्या तालावर नाचतातही. त्या वेळी गुलालाकडे, ताशाकडे न बघता एकदा त्यांच्या कमरेकडे बघावे. ज्याचे धड स्थिर आहे, त्याच्या खांद्यावरचे ओझे अंगातून सरळ पायांत आणि पायांतून जमिनीत उतरते. ज्याची कंबर पावलागणिक एका अंगाला लचकते, त्याचे ओझे कमरेतच अडकून बसते. मंगळवारी तेल लावून देणारा माणूस शोधत फिरतो तो हा दुसरा.

मराठीला ही गोष्ट फार आधीपासून ठाऊक असावी. मोठे काम अंगावर घ्यायचे तर आपण कंबर कसतो. धीर सुटला की खचते ती कंबरच, आणि करारी माणसाचा ताठ असतो तो कणा. हल्ली फिजिओथेरपीच्या खोलीत ज्याला 'कोअर' म्हणतात, ते याहून फार वेगळे नाही. पोटाभोवती पट्ट्यासारखा गुंडाळलेला आतला स्नायू, मणक्यांना बिलगलेले लहान लहान स्नायू, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ, असा तो चहूबाजूंनी बंद डबा. हात-पाय काहीही करोत, त्यांना टेकू हा डबा देतो. तो ढिला असला की टेकूचे काम गुडघ्याला, घोट्याला आणि मांडीच्या मागच्या शिरेला करावे लागते, आणि ते त्यांचे काम नव्हे.

हे सगळे ठाऊक असूनही आपल्या गावच्या मैदानांवर एक वाक्य सगळ्यांवर मात करून उरले आहे. पोरगा पडतो, गुडघा सुजतो, पंधरा दिवस घरी बसतो. सोळाव्या दिवशी मैदानाच्या कडेला दिसला की कुणीतरी विचारतोच, "दुखत नाई ना? मंग खेय!" विचारणारा वाईट नसतो, मायेनेच विचारतो. पण दुखणे थांबले म्हणजे अंग तयार झाले, हा समज आपल्याकडे कधी रुजला आणि इतकी विद्या हाताशी असताना का रुजला, याचा हिशेब एकदा मांडायला हवा.

सुरुवात आखाड्यापासून करणे भाग आहे. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लांनी खांबावर करायच्या व्यायामाचा उल्लेख आहे, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याच विद्येला मल्लखांबाचे आजचे रूप दिले. मल्लखांबाकडे आता आपण कसरतीचा नेत्रदीपक खेळ म्हणून बघतो. मुळात ते पैलवानाचे सरावाचे साधन होते. समोरचा माणूस न दमणारा, न बोलणारा आणि तेल लावलेला लाकडाचा. त्याला मांड्यांची अढी घालायची आणि हात सोडूनही धड हवेत धरून ठेवायचे. पोटातला ताण एका क्षणासाठी सुटला तर खांब तुम्हाला खाली घसरवतो. गुण-दोष सांगायला वेगळे यंत्र लागत नाही.

मुद्गलाचेही तेच. हात फिरतो असे वाटते, पण खरी परीक्षा असते ती मुद्गल पाठीमागे गेल्यावर कंबर पुढे येते की जागेवर राहते, याची. आणि ती बघायला वस्ताद समोर उभा असे. त्या काळच्या आखाड्याची सगळ्यात मोठी मालमत्ता लाल माती नव्हती, वस्तादाचा डोळा होता. पठ्ठ्याने किती जोर काढले हे तो मोजत असे, पण कसे काढले हे आधी बघत असे. आजच्या भाषेत याला हालचालीचे परीक्षण म्हणतात आणि त्याचे वेगळे प्रमाणपत्र मिळते.

वऱ्हाडात या विद्येला संस्थेचे रूप मिळाले ते अमरावतीत. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले. मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि त्याने कबड्डीसह आपल्या खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. वऱ्हाडातला माणूस ही गोष्ट छाती फुगवून सांगतो, आणि का सांगू नये? पण मला त्या बर्लिनवारीपेक्षा मंडळाने घराजवळ केलेले काम मोठे वाटते. गल्लीतल्या तालमीतली, वस्तादाच्या मर्जीवर चालणारी विद्या त्यांनी वर्गात आणली, तिचे टप्पे पाडले आणि ती शिकवणारे शिक्षक तयार केले. वऱ्हाडातल्या शाळांत शिट्टी गळ्यात अडकवून उभे राहिलेले कितीतरी क्रीडाशिक्षक याच परंपरेतून आले.

तिकडे बडोद्याला जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव होते. व्यायामाचे गुरू तर ते होतेच, शिवाय निखळलेले सांधे बसवण्यातही त्यांचा हातखंडा होता. म्हणजे एकाच छपराखाली अंग घडवणारा आणि मोडलेले अंग जुळवणारा एकच माणूस. आपल्या विषयाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे, कारण पुढे हे दोघे वेगळे झाले. एक मैदानावर राहिला, दुसरा दवाखान्यात गेला आणि त्यांच्यातले बोलणे बंद पडले.

माणिकरावांच्या हाताखालून गेलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि नौली करताना पोटाच्या आत दाब किती पडतो हे दाबमापक लावून मोजले. शरीराच्या आत काय घडते ते श्रद्धेने न सांगता आकड्याने सांगायचे, ही त्यांची हिंमत. मात्र इथे एक गल्लत हल्ली सर्रास होते. नौली आणि उड्डियानबंधात आतला दाब कमी होतो. ओझे उचलताना किंवा उडी मारून खाली येताना मणक्याला आधार मिळतो तो आतला दाब वाढल्यामुळे. दोन्ही क्रिया पोटाच्याच, पण एकमेकींच्या उलट दिशेच्या. म्हणून 'आमच्या योगात हे सगळे होतेच' असे सांगत कमरेच्या दुखापतीवर उड्डियान लिहून देणाऱ्याने निदान कुवलयानंदांचे आकडे तरी वाचावेत. पूर्वजांना सगळे ठाऊक होते असे म्हटले की आपले काम संपते, आणि पूर्वजांचेही वाचायचे राहून जाते.

त्यांना काय ठाऊक नव्हते, हेही सांगायला हवे. आखाड्याने माणूस घडवण्याची पायरी-पायरीची वाट बांधली होती. मोडलेल्या माणसाला परत आणण्याची वाट मात्र बांधली नव्हती. हाड बसवले, लेप लावला, हळद-दूध दिले. त्यानंतर पठ्ठा एकदम मातीत. मधल्या पायऱ्या नाहीत. जो तरला तो तरला, जो नाही तरला तो कडेला बसून इतरांच्या कुस्त्या बघू लागला. प्रत्येक जुन्या तालमीत असा एक माणूस असे, एक पाय थोडा ओढत चालणारा आणि सगळ्यांना डाव सांगणारा. आपण त्याला अनुभवी म्हणत आलो. त्याला परत का आणता आले नाही, हे कुणी विचारले नाही.

महाराष्ट्राच्या खेळाच्या इतिहासात याचे सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला त्यांना पाठवण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. गोळेश्वरच्या या गड्याने स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. पुढच्या ऑलिंपिकची आशा होती, ती गुडघ्याच्या दुखापतीने संपवली. पाठवायला घर गहाण ठेवता येत होते, पण गुडघा परत आणण्यासाठी घर गहाण ठेवून जायचे कुठे? तशी जागाच महाराष्ट्रात नव्हती. मुंबईत केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण त्याच दशकात नुकते सुरू झाले होते, आणि त्यामागची निकड पोलिओग्रस्त मुलांची होती, पैलवानांची नव्हती.

एक माणूस मात्र त्या वाटेने आला. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर फौजेत मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे अंग गेले. त्यानंतर उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. ज्यांचे पाय काम करत नाहीत त्यांच्यासाठी पोहणे म्हणजे धड आणि खांदे यांची नव्याने घडवलेली भाषाच असते. पाय गेले तरी पाण्यातला तोल नव्याने शिकता येतो. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांची वेळ दिली, पॅरालिंपिकचे सुवर्ण आणि विश्वविक्रम दोन्ही. मुष्टियोद्धा म्हणून ते परतले नाहीत, खेळाडू म्हणून परतले. याला कारण त्यांची जिद्द, हे खरेच. पण जिद्द खाशाबांकडे काय कमी होती? पेटकरांच्या मागे लष्करी रुग्णालयाची शिस्त होती, रोजचा सराव होता, आज काय आणि उद्या काय हे ठरवणारे कुणीतरी होते. आपण नेहमी जिद्दीचे पोवाडे गातो आणि वेळापत्रक विसरतो.

आता विज्ञानाकडे. 'कोअर' हा शब्द जिमच्या भिंतीवर येण्याआधी त्याची मांडणी प्रयोगशाळेत झाली. १९९२ मध्ये येल विद्यापीठातले भारतीय वंशाचे मनोहर पंजाबी यांनी सांगितले की मणक्याची स्थिरता तीन गोष्टींवर उभी असते: हाडे आणि अस्थिबंध, स्नायू, आणि या दोघांना वेळेवर हुकूम देणारी मज्जासंस्था. तिसरी गोष्ट कळीची. कारण १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांना आढळले की निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा पोटातला तो पट्ट्यासारखा स्नायू हाताच्याही आधी जागा होतो. कंबरदुखीच्या रुग्णांत तो उशिरा जागा होतो. म्हणजे प्रश्न नुसत्या ताकदीचा नाही, वेळेचा आहे. पाहुणे आल्यावर सतरंजी टाकण्यासारखे ते. सतरंजी घरात असते, पण उशिरा येते.

हे शोध बाहेर पडताच बाजाराने जे करायचे तेच केले. पोट आत ओढा, श्वास धरा, फळीसारखे तीन मिनिटे पडून राहा, मोठा चेंडू विकत घ्या. २०१० मध्ये एयाल लेडरमन या अभ्यासकाने या सगळ्याला भ्रम म्हणत झोडपून काढले आणि त्यांचे बरेचसे म्हणणे रास्त होते. एकच स्नायू निवडून त्याला आवळत बसल्याने कुणी खेळाकडे परतत नाही. मणके तपासणारे कॅनडाचे स्टुअर्ट मॅकगिल यांचे व्यायाम तर पाहिले की घरगुतीच वाटतात: हातापायांवर ओणवे होऊन समोरचा हात आणि विरुद्ध पाय लांबवणे, एका कुशीवर कोपराच्या आधाराने अंग उचलणे, अगदी थोडे डोके-खांदे उचलणे. दहा-दहा सेकंद धरायचे आणि सोडायचे. त्यात मिरवण्यासारखे काही नाही, म्हणूनच कदाचित त्याचे रील होत नाहीत.

धड सांभाळण्याचा आणि परतण्याचा संबंध खरोखर आहे का, याचे मला सर्वांत पटलेले उत्तर २००४ सालच्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात आहे. मार्क शेरी आणि थॉमस बेस्ट यांनी मांडीच्या मागची शीर ताणलेले २४ खेळाडू घेतले. ११ जणांना नेहमीचे दिले, म्हणजे ताणण्याचे आणि त्या स्नायूला बळ देण्याचे व्यायाम. १३ जणांना धड स्थिर ठेवायचे आणि पाय वेगवेगळ्या दिशांना हळूहळू वेगाने टाकायचे शिकवले. खेळात परतल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत पहिल्या गटातल्या ११ पैकी ६ जणांची तीच शीर पुन्हा गेली. दुसऱ्या गटात १३ पैकी एकाचीही नाही. वर्षभराने पाहिले तर पहिल्या गटात १० पैकी ७, दुसऱ्यात १३ पैकी १. चोवीसच माणसे, म्हणून यावर देव्हारा बांधू नये. पण पाहा, दोन्ही गटांतल्या सगळ्यांना परतताना दुखत नव्हतेच. "दुखत नाई ना" हा प्रश्न त्या सहा जणांनाही विचारला असता तर त्यांनी हसत "नाई" म्हटले असते.

तीन वर्षांनी, २००७ मध्ये, येलच्याच अभ्यासकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी २७७ महाविद्यालयीन खेळाडूंचे धड तपासले होते. अंगावरचा ओढ देणारा भार अचानक सोडायचा आणि धड किती हेलकावते ते मोजायचे, एवढेच. पुढची तीन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. ज्या मुलींचे धड जास्त हेलकावले होते, त्यांच्या गुडघ्याचे अस्थिबंध जाण्याचा धोका जास्त निघाला. दुखापत गुडघ्याला, आणि तिची चाहूल कमरेला. आपल्या खो-खोच्या मैदानावर हे रोज दिसते. मुलगी खांबाला वळसा घालते, धड बाहेरच्या अंगाला जाते, गुडघा आत कोसळतो. त्या एका क्षणात अंगाचे सगळे वजन एका दोरीएवढ्या बंधावर येते.

त्या बंधाचे नाव आता खेड्यापाड्यांतही माहीत झाले आहे, एसीएल. सांगलीच्या स्मृती मानधनाचा गुडघा जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात गेला. २४ जूनला विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात तिने डर्बीला इंग्लंडविरुद्ध ९० धावा काढल्या आणि पुढच्या सामन्यात वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६. पाच महिन्यांतले ते पुनरागमन आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवून पाहिले. मीही वाजवल्या. पण तिची गोष्ट सांगून गावातल्या मुलीला पाचव्या महिन्यात मैदानात ढकलणारे पालक मी पाहिले आहेत, आणि तिथे टाळ्या थांबतात. २०१६ मध्ये नॉर्वेतल्या अभ्यासकांनी दाखवले की एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके महिने लांबवावे, त्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघा पुन्हा जाण्याचे प्रमाण साधारण निम्म्याने घटते. परतण्याआधीच्या चाचण्या उत्तीर्ण न होता परतलेल्यांत ३८ टक्के पुन्हा दुखावले. चाचण्या उत्तीर्ण झालेल्यांत ६ टक्क्यांहून कमी. आणि सगळे काही नीट केले तरी सगळे परततात असेही नाही. २०१४ साली साडेसात हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा कुठल्या ना कुठल्या खेळात ८१ टक्के परतले होते, पण स्पर्धेच्या खेळात ५५ टक्केच.

बीडच्या धावपटू अविनाश साबळेचा गुडघा जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला शर्यतीत गेला. त्याच्याकडे शल्यविशारद आहेत, फिजिओ आहेत, रोज त्याचे पाऊल टिपणारे कॅमेरे आहेत. त्याला वेळ मिळेल, मिळायलाच हवा. माझी काळजी वेगळ्या मुलांची आहे.

पहाटे पाचला अकोल्यातल्या मोर्णा नदीच्या अलीकडून-पलीकडून निघून मैदानाकडे जाणारी ही मुले स्वतःला खेळाडू म्हणवत नाहीत. कुणी विचारले तर "भरती करतो" असे सांगतात. पोलीस भरतीची शारीरिक चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५, मुलींना १६०० ऐवजी ८००. घरची कोरडवाहू शेती, कपाशीचा भाव कधी चढलेला आणि बहुतेकदा पडलेला, त्यामुळे या पन्नास गुणांवर अख्खे घर टांगलेले असते. जाहिरात आली की ही मुले एकदम धावू लागतात. डांबरी रस्त्यावर, फाटक्या बुटांत, पहिल्या आठवड्यापासून रोज. महिन्याभरात नडगी ठणकू लागते. ती सांगत नाहीत, कारण सांगितले तर कुणीतरी थांबायला लावेल. पट्टा बांधतात, फवारा मारतात, गोळी घेतात. गोळीने दुखणे थांबते, आणि दुखणे थांबले की आपले ते जुने वाक्य परवानगी द्यायला तयारच असते. नडगीच्या हाडाला गेलेली चीर गोळीला जुमानत नाही.

दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांचेही असेच. स्पर्धेचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो, गुण हवे तर वरच्या पातळीपर्यंत जायला हवे, मग घोटा मुरगळलेला चढाईपटू चिकटपट्टी गुंडाळून उतरतो. शिक्षक जाणतो, पालक जाणतात, पोरगा तर जाणतोच. यात एकट्या कुणाला दोषी धरण्यात अर्थ नाही; व्यवस्थेनेच मधल्या पायऱ्या गाळल्या आहेत.

आणि दवाखाने? अकोल्यात आता फिजिओथेरपीची कमतरता नाही, ही चांगली गोष्ट. परंतु माझ्या स्वतःच्या पाठीच्या वेळचा अनुभव सांगतो. एका ठिकाणी मला बारा दिवस यंत्राच्या तारा लावून पालथे झोपवले. बारा दिवसांत एकदाही कुणी "चालून दाखवा" म्हटले नाही, "वाकून दाखवा" म्हटले नाही. पाठ शेकून निघाली, बरे वाटले, पैसे दिले. वाकायची माझी जी चुकीची सवय होती, ती घेऊनच घरी आलो आणि दोन महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार. वस्तादाने निदान बघितले तरी असते. यंत्राला डोळा नसतो.

मग मधल्या पायऱ्या म्हणजे नेमके काय? त्या खो-खोच्या मुलीचेच उदाहरण घेऊ. सूज उतरली, गुडघा पुरता सरळ होऊ लागला, डॉक्टरांनी हालचालीला परवानगी दिली, की पहिले काम धावणे नाही. पाठीवर पडून श्वास सोडताना बरगड्या खाली येतात का, पोट सगळ्या बाजूंनी घट्ट होते का, हे बघायचे. मग ओणव्याने हात-पाय लांबवताना पाठीवर ठेवलेला पाण्याचा पेला हलतो का. मग एका पायावर उभे राहून खुर्चीवर बसणे आणि उठणे. इथे समोर बसून बघायचे, गुडघा अंगठ्याच्या आत पडतो का, कंबर एका बाजूला कलते का. पडत असेल तर पुढे जायचे नाही, कितीही कंटाळा येवो. मग पायरीवरून दोन्ही पायांवर उतरणे, आवाज न करता. जमिनीवर धप्प असा आवाज आला की अंगाने धक्का झेलला नाही असे समजावे. मग एका पायावर. मग सरळ धावणे, मग मोठ्या वळणाने, मग नागमोडी, मग खांबाला वळसा. हे सगळे तिला आधीच माहीत असलेल्या दिशेने. शेवटी समोर पाठलाग करणारी, हुलकावणी देणारी, कुठे वळेल ते न सांगणारी, आणि तेही दमल्यावर, कारण धडाचे कुलूप उघडते ते दमल्यावर. ताज्या अंगाने दिलेली परीक्षा अर्धीच असते.

यातल्या कशालाही यंत्र लागत नाही. लागतो तो वेळ, आणि बघणारा माणूस. या दोन्ही गोष्टी एके काळी या गावात मुबलक होत्या. मल्लखांब शिकवणाऱ्याला धड डळमळलेले शंभर पावलांवरून दिसते. कबड्डीच्या जुन्या खेळाडूला कोण कुठल्या पायावर वजन टाकायला घाबरतो आहे ते पहिल्या चढाईत कळते. त्यांना हे ज्ञान परतीच्या वाटेवर कसे वापरायचे एवढेच सांगायचे आहे, आणि ते सांगण्याची लायकी आपल्या तरुण फिजिओथेरपिस्टांकडे आहे. माणिकरावांच्या व्यायाममंदिरात जे दोघे एकाच अंगात नांदत होते, त्यांना निदान एका मैदानावर आणता आले पाहिजे. अमरावतीच्या मंडळासारख्या संस्थेने शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्याला शिट्टीबरोबर ही नजरही दिली, तर वऱ्हाडातल्या प्रत्येक तालुक्याला दहा-दहा वर्षे पुरेल एवढे काम होईल. शाळांनीही एक नियम करावा: दुखापतीने दोन आठवड्यांहून जास्त बाहेर राहिलेल्या मुलाला चाचणीशिवाय संघात घ्यायचे नाही. क्रीडा गुणांचे काय, असे कुणी विचारील. गुण पुढच्या वर्षी मिळतात.

चाचणी कोणती, तर सोपी आहे, आणि ती जुन्या शहरातल्या कुठल्याही गल्लीत होते. शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांसाठी एक खडू आणि शिंप्याकडचा टेप पुरे. जमिनीवर रेघ मारा. आधी चांगल्या पायावर एका पायाने उडी घ्या, त्याच पायावर उतरा आणि तोल न जाता उभे राहा, अंतर मोजा. मग दुखावलेल्या पायाने. तीन-तीन वेळा. दुखऱ्या पायाचे अंतर चांगल्याच्या नऊ-दशांशाहून कमी भरले तर खेळायचे नाही. फक्त एवढे लक्षात ठेवा की तीन महिने घरी बसून चांगला पायही कच्चा झालेला असतो, म्हणून हंगाम सुरू होण्याआधी, सगळे धडधाकट असतानाच, प्रत्येक मुलाची दोन्ही पायांची उडी मोजून वहीत लिहून ठेवा. तीच खरी तुलना.

यंदाच्या शालेय स्पर्धांआधी ही वही घाला. एक पान, दोन रकाने, डावा आणि उजवा.